हॅलोवीनला मुलांना घेऊन निघताय? दर ऑक्टोबरला विचारले जाणारे प्रश्न, अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हॅलोवीनचे प्रश्न सुरू होतात आणि दर वर्षी तेच असतात, कारण दर वर्षी कोणीतरी नवीन आलेलं असतं, ऑगस्टमध्ये विमानातून उतरलेलं, पोरगं नुकतंच किंडरगार्टनला लागलेलं, आणि शाळेतून चिठ्ठी आलेली की कॉस्च्युम घालून पाठवा. मी न्यू जर्सीत चौदा वर्षं आहे, दोन मुलांना घेऊन ही वारी भरपूर केलीय, थोरला तर आता माझ्यासोबत यायला लाजतो. म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, पुढच्या वर्षी नुसती लिंक टाकायची.

हे नक्की असतं काय, आणि किती वाजता निघायचं?

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघर जातात, दार वाजवतात, 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतात, पिशवीत कँडी पडली की थँक्यू म्हणून पुढच्या घरी. आपण दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन अख्खी आळी पालथी घालायचो किंवा भोंडल्याला आज हिच्या घरची खिरापत ओळखा, उद्या तिच्या घरची, असं फिरायचो ना, साधारण तसंच. फरक एवढाच की तिथे प्रत्येक दार ओळखीचं होतं आणि वाड्यातून वाड्यात जाताना रस्त्यावर धावत्या गाड्या नव्हत्या.

वेळ बहुतेक ठिकाणी टाउन ठरवतं, टाउनच्या वेबसाइटवर किंवा पोलिसांच्या फेसबुक पेजवर बघून घ्या. तारीखसुद्धा बघा हो. आयोवातल्या डे मॉइनमध्ये १९३८ पासून वर्षानुवर्षं हा प्रकार ३० तारखेला व्हायचा, त्याला 'बेगर्स नाइट' म्हणतात आणि मुलांनी कँडीच्या बदल्यात एक विनोद सांगायचा अशी तिथली रीत. तुमच्या गावाचं काहीतरी वेगळंच असू शकतं. आमच्याकडे छोटी पोरं साडेचार-पाचलाच निघतात आणि मी म्हणेन की सहा-सात वर्षांखालचं मूल असेल तर तुम्हीही तेव्हाच निघा, का ते पुढे येतंच.

ताई, कँडीत कोणी विष किंवा ब्लेड घातलं असेल तर? सासूबाई म्हणतात आणलेलं सगळं फेकून दे.

हा प्रश्न पहिला येतो, दर वर्षी, त्याच्याबरोबर पिन टोचलेल्या चॉकलेटचा एक फॉरवर्डसुद्धा येतो, आणि गंमत म्हणजे ही भीती फक्त आपली नाही, इथल्या गोऱ्या आज्यासुद्धा हेच सांगतात.

तर ऐका. डेलावेअर युनिव्हर्सिटीत जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्या एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोवीनच्या कँडीमुळे मूल दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. पिना आणि सुया सापडल्याच्या बहुतेक गोष्टी शेवटी पोरांनी स्वतःच केलेल्या निघाल्या, भावाला घाबरवायला नाहीतर पेपरात नाव यायला.

मग एवढी हवा कुठून झाली? १९७४ साली टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या डिअर पार्क गावात आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोवीनच्या रात्री सायनाइड घातलेली पावडर कँडी खाऊन गेला. देश हादरला. पण विष घालणारा कोण निघाला तर त्याचा सख्खा बाप, रोनाल्ड ओब्रायन, विम्याच्या पैशांसाठी, आणि संशय येऊ नये म्हणून त्याने तशीच कँडी स्वतःच्या मुलीला आणि आणखी काही मुलांनाही दिली होती, नशीब की त्यांच्यापैकी कोणी खाल्ली नाही. त्याला १९८४ मध्ये मृत्युदंड झाला. मग १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकागोच्या आसपास टायलेनॉल या ताप-अंगदुखीवरच्या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं, सात माणसं गेली, आणि ते नेमकं हॅलोवीनच्या तोंडावर. हॅलोवीनच्या कँडीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता पण लोकांच्या डोक्यात दोन्ही एकत्र शिजलं ते शिजलंच. पुढे काही हॉस्पिटलं कँडीचे फुकट एक्सरे काढून द्यायची, आता एक्सरेत विष दिसतं का, पण लोक रांगा लावायचे.

म्हणून कँडी बघायचीच नाही का? बघायची. घरी आल्यावर सगळी टेबलावर ओता, कागद फाटलेला असेल, उघडून परत चिकटवल्यासारखा असेल, नुसत्या पिशवीत बांधलेलं घरगुती काही असेल आणि ते घर तुमच्या ओळखीचं नसेल, तर टाकून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. आणि वाटेत खायचं नाही हा नियम घालायचा, त्यासाठी निघण्याआधी पोट भरलेलं पाहिजे, मी चार वाजताच खिचडी नाहीतर पोळीचा रोल कोंबते, उपाशी पोराला हातात चॉकलेटची पिशवी देऊन 'खाऊ नको' म्हणणं म्हणजे मांजराला दुधावर राखण बसवणं.

मग खरा धोका कशाचा आहे?

गाड्यांचा. नंबर एक, दोन आणि तीन.

२०१८ मध्ये जामा पीडिॲट्रिक्समध्ये एक अभ्यास छापून आला होता, १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांच्या सरकारी नोंदींचा. हॅलोवीनच्या संध्याकाळी पाच ते रात्री बारा या वेळातले पादचाऱ्यांचे मृत्यू घेतले आणि एक आठवडा आधीच्या व एक आठवडा नंतरच्या त्याच वाराच्या संध्याकाळशी ताडून बघितले. हॅलोवीनला पायी चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांचा? दहापट. आणि सगळ्यात वाईट वेळ साधारण संध्याकाळी सहाची.

आता घाबरून मुलांना कोंडून ठेवू नका, अख्ख्या देशात मिळून हिशोब केला तर दर हॅलोवीनला नेहमीपेक्षा सरासरी चार मृत्यू जास्त असं ते गणित आहे. पण अनोळखी माणसाने कँडीत घातलेल्या विषाचा आकडा शून्य आणि आपण घाबरतो कँडीला, हे जरा उलटं नाही का?

सहाचं कारण बघा. आमच्या इथे ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाला पाचेक मिनिटं कमी असताना मावळतो. (इथे थंडीत घड्याळ तासभर मागे करतात, २००७ पासून ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, त्याआधी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच जायचं आणि हॅलोवीनला पाचलाच अंधार व्हायचा.) म्हणजे संधिप्रकाश, ऑफिसातून घाईने परतणारे लोक, आणि रस्त्याकडेच्या गाड्यांच्या मधून उसळ्या मारत निघणारी पोरं, तीही काळ्या कपड्यात, हे तिन्ही एकाच वेळी.

माझा थोरला सहा वर्षांचा असताना निंजा झाला होता. नखशिखांत काळा. समोरच्या घराच्या दारात त्याला त्याचा मित्र दिसला आणि माझ्या हातातला हात सोडून तो सुटला, त्याच क्षणी शेजारच्या ड्राइव्हवेमधून एक एसयूव्ही रिव्हर्समध्ये बाहेर येत होती. हातभर अंतर राहिलं. चालवणारी बाई उतरून रडायला लागली, मी तिला ओरडायचं सोडून तिच्याबरोबर रडायला लागले, आणि निंजा विचारतोय, आई आपण पुढच्या घरी कधी जायचं. त्या दिवसापासून आमच्याकडे काळ्या कॉस्च्युमवर चमकणारी टेप लागते, पाठीवर, बाह्यांवर आणि पिशवीवरसुद्धा. हार्डवेअरच्या दुकानात किंवा सायकलच्या दुकानात मिळते.

बाकी करायचं ते असं. रस्त्याची एक बाजू आधी पूर्ण संपवायची, मग कोपऱ्यावरून किंवा क्रॉसवॉकवरून एकदाच ओलांडून दुसरी बाजू, समोरचं घर दिसलं म्हणून मधूनच तिरकं पळायचं नाही, हा एकच नियम मुलांच्या डोक्यात बसवला तरी अर्धं काम झालं. फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. प्रत्येक मुलाकडे टॉर्च, आणि तुमच्याकडेही. मोबाईलचा टॉर्च चालतो पण मोबाईल हातात आला की आपण मेसेज बघायला लागतो, खरं सांगा.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. मी आणि हे दोघंही ऑफिसात, त्या नातवाला घेऊन गेल्या तर चालेल?

चालेल, आणि त्यांना मजाही येईल, पण आधी एकदा दिवसाउजेडी त्यांच्याबरोबर तो रस्ता चालून या. आपलं अख्खं आयुष्य रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघण्यात गेलेलं असतं, इथे गाडी आधी डावीकडून येते. मला स्वतःला ती सवय जायला वर्ष लागलं, साठ-पासष्ट वर्षांच्या बाईने तीन आठवड्यांत बदलावी अशी अपेक्षा कशी करायची? शिवाय लाल सिग्नलला गाडी थांबलीय म्हणून त्या निघतात, पण इथे बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावरही थांबून उजवीकडे वळायची परवानगी असते आणि वळणारा ड्रायव्हर डावीकडे बघत असतो, फूटपाथवरच्या आजींकडे नाही. म्हणून आपल्याच ब्लॉकमध्ये फिरवा, मोठा रस्ता ओलांडायचाच नाही असं ठरवून द्या.

आणखी दोन गोष्टी. त्यांच्या फोनमध्ये इथलं सिम असू दे, फक्त वायफायवर चालणारं व्हॉट्सॲप रस्त्यावर काही कामाचं नाही. आणि पायात चप्पल नको, बूट. ऑक्टोबरात ओल्या पानांचा असा थर असतो की मीच दोनदा आपटलेय.

कॉस्च्युम घेताना काय बघायचं?

लांबी. पायात येणारा झगा, घोट्याच्या खाली लोंबणारी केप, आईच्या उंच टाचांचे सँडल, ह्याने मुलं पडतात, बस. हौसेने मावळा केलात तर धोतर नीट शिवलेलं घ्या, नेसवलेलं धोतर तिसऱ्या घराच्या पायरीवर सुटतं हा स्वानुभव आहे (नवऱ्याचा हट्ट होता, 'खरं धोतरच पाहिजे'). छोटीला नऊवारी हवी असेल तर तीही शिवलेली, काष्टा जरा वर. तलवार पुठ्ठ्याची किंवा फोमची, पडल्यावर वाकली पाहिजे. खरीखुरी दिसणारी खेळण्यातली बंदूक मी तरी कोणत्याही मुलाच्या हातात देणार नाही, या देशात तर नाहीच.

मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा, मुखवट्यातून बाजूचं काही दिसत नाही. रंग आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून बघा, पुरळ आलं तर कळेल. मोठ्या मुली ते रंगीत, मांजरीच्या डोळ्यांसारखे लेन्स मागतात, स्पष्ट नाही म्हणा, अमेरिकेत २००५ पासून शोभेचे लेन्ससुद्धा डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय विकणं बेकायदा आहे आणि तरी दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. डोळ्याला जखम, इन्फेक्शन, काहीही होऊ शकतं.

पॅकेटवर 'फ्लेम रेझिस्टंट' लिहिलंय का बघा. त्याचा अर्थ पेटणारच नाही असा नाही, पेटायला वेळ लागतो आणि विझायला सोपं जातं इतकाच. मोठ्या फुगलेल्या बाह्या आणि जाळीचे घोळदार फ्रॉक दिव्यापासून लांबच.

पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नेऊच नये का?

न्या. पण एपिपेन, म्हणजे ॲलर्जीचा झटका आला तर टोचायचं ते तयार इंजेक्शन, तुमच्या खिशात, घरी ड्रॉवरमध्ये नाही. आणि जो मोठा माणूस मुलांबरोबर जाणार आहे त्याला ते कसं टोचायचं हे येत असलं पाहिजे, शेजारची काकू नेणार असेल तर तिला सरावाच्या, सुई नसलेल्या ट्रेनर पेनवर एकदा करून दाखवा.

फन साइज म्हणजे ती छोटी छोटी चॉकलेटं असतात ना, त्यात एक गोम आहे. मोठ्या बारवर सगळं लिहिलेलं असतं, छोट्यावर कधी कधी काहीच नाही, ते सगळं बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असतं आणि ती पिशवी वाटणाऱ्याच्या घरी. वर त्याच चॉकलेटच्या मोठ्या आणि छोट्या आकारात घटक वेगळे असू शकतात, छोटं दुसऱ्या कारखान्यात बनत असेल तर. म्हणजे 'हे तर तो नेहमी खातो' हे चालणार नाही. लेबल नाही तर खायचं नाही. तिळाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट, जानेवारी २०२३ पासून तीळ इथे नववा मुख्य ॲलर्जन आहे आणि लेबलवर लिहावाच लागतो.

काही घरांबाहेर भोपळा निळसर-हिरव्या रंगाचा दिसेल, त्याला टील पम्पकिन म्हणतात. म्हणजे या घरी खायचं नसलेलंही काहीतरी आहे, स्टिकर, पेन्सिल, छोटं खेळणं. २०१२ मध्ये टेनेसीत एका आईपासून हे सुरू झालं आणि २०१४ पासून फेअर नावाच्या फूड ॲलर्जीच्या संस्थेने देशभर पसरवलं. तुम्हीही ठेवा एक, खर्च काही नाही, ॲलर्जीवाल्या पोराचा चेहरा बघा मग.

आम्ही घरी 'अदलाबदल' करतो, माझ्या धाकटीला काजू चालत नाहीत, ती नको असलेली कँडी मला विकते आणि मी तिला तिच्या चालणाऱ्या गोष्टी देते. भाव तीच ठरवते, आणि फार चढा ठरवते.

आम्ही शाकाहारी आहोत, काय काढून टाकू?

हा सुरक्षिततेचा प्रश्न नाही पण विचारतात सगळेच. जिलेटिन शोधा, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येतं. गमी बेअर, मार्शमेलो, इथलं स्टारबर्स्ट, बरंचसं कँडी कॉर्न, यात असतं. स्किटल्स, स्वीडिश फिश, सावर पॅच किड्स यात नसतं. तरी लेबल वाचाच, कंपन्या बदलतात.

गांजाच्या गमीजचं काय? बातम्यांत फार येतं.

न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्यांसाठी एप्रिल २०२२ पासून दुकानात उघड विक्री आहे, आणि बऱ्याच राज्यांत आहे. कोणी अनोळखी माणूस एवढी महाग वस्तू पोरांना फुकट वाटत सुटेल हे मला पटत नाही. पण दुसरी शक्यता खरी आहे, हॅलोवीनच्या रात्री मोठ्यांची पार्टी, किचनच्या ओट्यावर कोणाचीतरी उघडी पिशवी, आणि पोराला ती कँडीच वाटणार, दिसायला तशीच असते. ज्या घरी पार्टीला जाताय तिथे आडपडदा न ठेवता विचारा की असं काही बाहेर आहे का. आपल्या लोकांना हे विचारायला संकोच वाटतो. मला तर एका घरी 'आमच्याकडे तसलं काही नसतं हं' असं फणकाऱ्याने ऐकवलं होतं. असू दे.

खाल्लं तर लगेच काही दिसत नाही, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही असर होतो. मूल विचित्र पेंगतं, तोल जातो, बोलणं अडखळतं. संशय आला तरी पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, फोन करा (नंबर शेवटी देते), उठवून उठत नसेल किंवा श्वासाचा त्रास वाटला तर सरळ ९११. आणि डॉक्टरला खरं सांगा, लाजेपायी लपवलंत तर ते बिचारे भलत्याच तपासण्या करत बसतात.

कोणत्या घरी जायचं, कोणत्या नाही?

पोर्चचा दिवा लागलाय म्हणजे या, बंद आहे म्हणजे नको. दिवा बंद असलेल्या घराची बेल वाजवायची नाही, कितीही छान भोपळे ठेवलेले असले तरी. दाराबाहेरच उभं राहायचं, 'आत ये, आत खूप कँडी आहे' म्हणालं कोणी तरी आत जायचं नाही. आपल्याकडे उंबऱ्यात उभं राहून बोलणं उद्धटपणा समजतात आणि मुलांना आपणच 'आत ये म्हणतायत तर जा' शिकवलेलं असतं, तेव्हा हे वेगळं सांगायला लागतं.

एक जुनी गोष्ट सांगते, मुलांना नाही, तुम्हाला. १९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हत्तोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी एक्स्चेंज स्टुडंट हॅलोवीन पार्टीला जाताना चुकून दुसऱ्याच घरी गेला. घरमालक बंदूक घेऊन बाहेर आला, 'फ्रीज' म्हणून ओरडला, म्हणजे जागेवर थांब, हलू नकोस. त्या मुलाला बहुधा तो शब्द कळलाच नाही, तो पुढे येत राहिला आणि घरमालकाने गोळी घातली. मुलगा गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. हे क्वचितचं आहे, ट्रिक ऑर ट्रीटच्या वेळी सगळा रस्ता पोरांनी भरलेला असतो तेव्हा असं काही होत नाही. पण टीनएजर मुलं रात्री उशिरा एकटीदुकटी पत्ता शोधत फिरणार असतील तर पत्ता नीट बघून जायचं, चुकलं वाटलं तर दारापाशी न घुटमळता परत फिरायचं, आणि कोणी ओरडलं तर हात दिसतील असं जागीच थांबायचं, हे नव्याने आलेल्या मुलांना शब्दासकट शिकवा.

कितव्या वर्षी एकटं सोडायचं?

इथे साधारण बारा वर्षांपर्यंत मोठं माणूस सोबत हवं असं सांगतात. माझं मत, बारा झाली तरी एकटं नाही, तिघा-चौघांचा घोळका, कोणत्या गल्ल्या ते आधी ठरलेलं, फोन चार्ज केलेला, आठला घरी. उलटा प्रश्नही आहे, किती मोठं झाल्यावर बंद करायचं. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्या मुलांनी ट्रिक ऑर ट्रीट केलं तर तुरुंगाची तरतूद होती, १९७० चा नियम, कोणाला खरंच आत टाकणार होते देव जाणे, शेवटी २०१९ मध्ये वय चौदा केलं आणि तुरुंग काढला. आमच्या दारात दाढी फुटलेली पोरं येतात तरी मी देते, कुठे दुसरीकडे उंडारण्यापेक्षा कँडी मागतायत ते बरं.

गर्दीत हरवलं तर?

तुमचा नंबर कागदावर लिहून कॉस्च्युमच्या आतल्या बाजूला पिन करा, नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. निघताना फोटो काढा, तेवढाच 'आज नक्की काय घातलं होतं' याला पुरावा, कारण रस्त्यावर तशाच दिसणाऱ्या अकरा राजकन्या असतात. हरवलास तर जिथे आहेस तिथेच थांब, आणि लहान मुलं बरोबर असलेल्या एखाद्या आईला सांग, हे मुलांना तोंडपाठ पाहिजे.

थंडी असेल, पाऊस असेल तर?

कॉस्च्युम एक साइज मोठा घ्या आणि आतून थर्मल. पोरं वरून जॅकेट घालत नाहीत, 'मग माझा ड्रेस दिसणार कसा'. दुसऱ्या भागात गाडीने जात असाल तर जाड जॅकेट किंवा स्पंज भरलेला कॉस्च्युम घालून कार सीटचे पट्टे लावू नका, पट्टा आवळलेला वाटतो पण खरं तर सैल असतो. गाडीत काढा, उतरल्यावर घाला.

हवामान फारच वाईट असेल तर टाउन तारीख पुढे ढकलतं. २०१२ मध्ये सँडी वादळ २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीवर आदळलं, सगळीकडे वीज नाही, तारा रस्त्यावर, तेव्हा गव्हर्नर क्रिस्टींनी अख्ख्या राज्याचं हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर नेलं होतं.

आमच्याच दारात मुलं येणार, आम्ही काय काळजी घ्यायची?

पायऱ्यांवरची पानं झाडा, होज पाइप आणि सायकली बाजूला करा, कुत्रा आतल्या खोलीत. कुत्रा किती का गुणी असेना, पन्नास वेळा बेल आणि दारात मुखवटे, त्याचंही डोकं फिरतं.

आणि पणत्या! हॅलोवीन आणि दिवाळी जवळजवळ येतात, २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, सकाळी अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी चेटकीण. नवरा मूळचा गोव्याचा, तो म्हणतो आमच्याकडे त्या पहाटे नरकासुराचे एवढाले पुतळे जाळतात, यांची भुतं म्हणजे आमच्या नरकासुरापुढे बालवाडी. ते ठीक, पण त्या संध्याकाळी मी हौसेने पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी पणत्या लावल्या, आणि पहिलीच जी राजकन्या आली तिचा जाळीचा फ्रॉक पणतीवरून वीतभर अंतराने गेला. नवऱ्याने धावत येऊन सगळ्या विझवल्या. मुलं येऊन जाईपर्यंत पायऱ्यांवर बॅटरीचे दिवे, खऱ्या पणत्या खिडकीत किंवा साडेआठनंतर. दाराशी ठेवायच्या कोरलेल्या भोपळ्यातही बॅटरीचाच दिवा घाला, पण त्यातला बटण सेल सुटा निघत नाही ना बघा, तो पोराने गिळला तर ताबडतोब इमर्जन्सी, थांबायचं नाही. आकाशकंदील मात्र खुशाल लावा, पोर्च लाइटचंच काम करतो आणि पोरं थांबून विचारतात हे काय आहे.

अपार्टमेंटमध्ये राहतो, कुठे न्यायचं?

शाळा, चर्च, लायब्ररी यांच्या पार्किंग लॉटमध्ये 'ट्रंक ऑर ट्रीट' असतं, गाड्यांच्या डिक्या सजवून त्यातूनच कँडी वाटतात. गाड्या उभ्या असतात, चालू नसतात. तीन-चार वर्षांच्या मुलांना मला हेच सगळ्यात आवडतं.

तीन वर्षांचं पिल्लू आहे, त्याला कँडी द्यायची का?

गोल, कडक, चिवट काहीही नको, घशात अडकतं. कडक गोळ्या, जेली बीन्स, च्युइंग गम, शेंगदाणे, सगळं बाजूला. भावंडांच्या पिशवीतून ते रात्री हळूच काढून घेतं, म्हणून पिशव्या उंचावर. आणि स्ट्रोलर न्याच, दहाव्या घरानंतर तुम्हीच उचलणार आहात.

त्या दिवशी गाडी चालवायचीच असेल तर?

पाच ते आठ शक्यतो काढूच नका. ऑफिसातून लवकर निघा, नाहीतर सावकाश या, गल्लीत शिरल्यावर रेडिओ बंद, काच थोडी खाली, पोरांचे आवाज ऐकू येतात. ड्राइव्हवेतून मागे येताना कोणालातरी मागे उभं करा, कॅमेऱ्यावर विसंबू नका. निंजा आठवा.

ग्लो स्टिक (अंधारात चमकणारी ती प्लास्टिकची कांडी) चावून फोडली, तोंडात गेलं, काय करू?

हा फोन मला दर वर्षी एकीचा तरी येतो, रात्री साडेआठच्या सुमारास. त्यातलं पाणी कडू असतं, तोंडाची आग होते, पोरगं रडतं, आणि काही वेळा जीभ अंधारात चमकते ते बघून आईचीच बोबडी वळते. थोडंसं गेलं असेल तर सहसा गंभीर काही होत नाही, तोंड पुसा, चूळ भरायला लावा, पाणी किंवा दूध प्यायला द्या. डोळ्यात उडालं असेल तर चोळू देऊ नका, कोमट पाण्याच्या धारेखाली दहा-पंधरा मिनिटं धुवा. उलटी काढायला जाऊ नका. आणि मला फोन करण्याआधी पॉयझन कंट्रोलला करा, १-८००-२२२-१२२२, फुकट आहे, चोवीस तास आहे, इंग्रजी अडत असेल तर दुभाष्याची सोय असते. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, आणि सासूबाईंच्या फोनमध्येही.